गोळ्या मी घेतल्या, गाठ अक्काला आली

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी साठ वर्षांची आहे. पन्नासाव्या वर्षी पाळी गेली आणि पुढचं वर्षभर माझे फार हाल झाले. अंगातून गरम वाफा, रात्रीत तीन-तीनदा घामानं उशी भिजायची, झोप नाही, कामात लक्ष नाही. आमच्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, दोन हार्मोन एकत्र असलेल्या. जिवाला जरा थारा मिळाला. एक्कावन्न ते छप्पन अशी पाच वर्षं त्या घेतल्या. कुणालाच सांगितलं नाही, अक्कालाही नाही.

गेल्या महिन्यात अक्काच्या (वय ६७) डाव्या स्तनात गाठ सापडली. कॅन्सर आहे. रिपोर्टमध्ये 'हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह' असं लिहिलंय. ते वाचल्यापासून पोटात खड्डा पडलाय. अक्कानं आयुष्यात हार्मोनची एक गोळी घेतलेली नाही. सडपातळ, रोज चालणारी, दोन्ही मुलांना वर्ष-वर्ष अंगावर पाजलेली. मला एकच मुलगी, तीही तेहतिसाव्या वर्षी झालेली, आणि पाळी गेल्यापासून माझं वजन बारा किलोनं वाढलंय. व्हायचा तर मलाच व्हायला हवा होता ना? आता माझा नंबर कधी, एवढंच डोक्यात फिरतं. कोरडेपणासाठी दिलेलं क्रीम घाबरून टाकून दिलं. त्या जुन्या गोळ्यांची अर्धी पट्टी मात्र अजून कपाटात आहे, का ठेवलीय कोण जाणे. नातेवाइकांचं वेगळंच. कुणी म्हणतं मार लागला असेल, कुणी म्हणतं घट्ट ब्रा, कुणी डिओला नावं ठेवतं. अक्का सारखी विचारते, 'मलाच का?' आणि मी खाली बघते. तिला गोळ्यांचं सांगू का? माझ्या मुलीचं काय?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं, तेव्हा वय, वर्षं, वजन हेच डोळ्यांत भरलं. दुसऱ्यांदा वाचताना 'मी खाली बघते' इथं अडले. अक्कांच्या गाठीशी तुमच्या गोळ्यांचा काडीचाही संबंध नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मान खाली जाते, कारण मनात कुठंतरी असं बसलंय की चूक माझी आणि शिक्षा तिला. तेव्हा आधी ती 'चूक' केवढी होती ते मोजून बघू. मोजता येतं.

असा प्रश्न घेऊन कुणी समोर बसलं की मी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शंभर गोल काढते. दहा-दहाच्या दहा ओळी. तुम्हीही काढा. हे शंभर गोल म्हणजे पन्नाशीच्या शंभर बायका, एकीनंही कधी हार्मोनची गोळी घेतलेली नाही. पन्नास ते सत्तर या वीस वर्षांत त्यांच्यापैकी साधारण सहा जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. सहा गोल रंगवा. आता दुसऱ्या कागदावर आणखी शंभर गोल काढा. या बायका तुमच्यासारख्या : पन्नाशीला सुरुवात, दोन हार्मोनची (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन) गोळी रोज, पाच वर्षं. इथं आठ गोल रंगवायचे. नेमकं सांगायचं तर ६.३ आणि ८.३. हे आकडे २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. जगभरातले ५८ अभ्यास आणि पाळी गेल्यानंतर स्तनाचा कॅन्सर झालेल्या १,०८,६४७ स्त्रिया, एवढ्यांची माहिती त्यासाठी एकत्र केली होती. यातली बरीचशी माहिती पाश्चात्त्य देशांतली आहे, आणि जिथं हा आजार मुळातच कमी आढळतो तिथं दोन्ही कागदांवरचे रंगीत गोल कमी होतील.

म्हणजे पाच वर्षांच्या गोळ्यांनी शंभरात दोन गोल वाढले. हे दोन मी लपवणार नाही आणि 'दोनच तर आहेत' असंही म्हणणार नाही. त्या दोन गोलांत जी असते तिच्यासाठी ते सगळं आयुष्य असतं. पण उरलेल्या ब्याण्णव गोलांकडेही बघा, ते कोरेच आहेत. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची : आठ हा आकडा गोळ्या बंद केल्यानंतरची पंधरा वर्षं धरून काढलेला आहे. वाढलेल्या धोक्याचा जवळपास निम्मा भाग गोळ्या चालू असतानाच्या पाच वर्षांतच येऊन जातो. बंद केल्यावर धोका उतरतो, मात्र लगेच शून्यावर येत नाही, थोडा दहा वर्षांहूनही जास्त काळ रेंगाळतो. ती पाच वर्षं तुमची सुखरूप पार पडली आणि त्यावर चारही गेली.

मग गोळ्यांचं नाव काढलं की अंगावर काटा का येतो? त्याला एक साल आहे, २००२. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना दोन हार्मोनच्या गोळ्या आणि काहींना त्याच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. जुलै २००२ मध्ये ती चाचणी ठरल्याआधीच थांबवली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त दिसला. २६ टक्के! बातमी तेवढीच पसरली आणि लाखो बायकांनी पुढच्या काही महिन्यांत गोळ्या सोडल्या. पण २६ टक्के कशाचे? औषध नसलेल्या गटात दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना कॅन्सर झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. दहा हजारांत वर्षाला आठ जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण झोप उडते ती पहिल्या वाक्यानं. कॅन्सरचा कुठलाही टक्का कानावर आला की 'किती जणींत किती' हे विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत घाबरायचं नाही, ही सवय लावून घ्या.

त्याच चाचणीचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांसाठी नुसत्या इस्ट्रोजेनची वेगळी चाचणी होती. पक्षाघाताचा धोका वाढल्यानं तीही २००४ साली थांबवली, पण स्तनाचा कॅन्सर तिथं वाढला नव्हता. नंतर अनेक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा तो उलट कमीच दिसला. २०१९च्या त्या मोठ्या अभ्यासात नुसत्या इस्ट्रोजेननंही थोडा धोका वाढल्याचं दिसलं, पाच वर्षांच्या वापरात साधारण दोनशे बायकांमागे एक. यावर तज्ज्ञांची चर्चा अजून चालू आहे. पण नुसत्या इस्ट्रोजेनपेक्षा दोन हार्मोनच्या गोळीचा धोका जास्त, याबद्दल दुमत नाही. मग दुसरं हार्मोन देतातच कशाला, असं तुम्ही विचाराल. नुसतं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि त्यातून गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. ते अस्तर आवरायला प्रोजेस्टिन लागतं. ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांना म्हणून दोन. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला योग्य तीच गोळी दिली होती.

आणि तुम्ही ती चैन म्हणून घेतली नव्हती. रात्रीत तीनदा घामानं उशी भिजणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळतं. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि खरा त्रास असताना या गोळ्या घेणं आजही योग्य वैद्यकीय सल्ल्यात बसतं. हाडांना त्यांचा फायदा होतो तो वेगळाच. एक त्रास होता, त्यावर एक उपाय होता, त्या उपायाची थोडी किंमत होती. त्या वेळी ती किंमत कुणी नीट समजावून सांगितली नसेल तर तेवढं मात्र चुकलं, आणि ते तुमचं चुकलेलं नाही.

आता हार्मोनचा आणि गाठीचा संबंध येतो कुठून ते सांगते, कारण तो कळला की रिपोर्टमधल्या त्या शब्दांची भीती निम्मी होते. १८९६ साली जॉर्ज बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जननं लिहून ठेवलंय, की पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या एका तरुण बाईच्या दोन्ही ओव्हरी काढल्या आणि तिच्या गाठी विरघळत गेल्या. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता. ओव्हरीतून काहीतरी येतं आणि गाठीला पोसतं, एवढंच त्यांना दिसलं. ते 'काहीतरी' म्हणजे इस्ट्रोजेन. स्तनातल्या बऱ्याच पेशींत इस्ट्रोजेन जाऊन बसण्याची जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेन तिथं बसलं की पेशीला वाढायचा, दुभंगायचा निरोप मिळतो. पेशी दुभंगताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं, एखादी राहून जाते. जितकी वर्षं हा निरोप येत राहील तितक्या नकला जास्त आणि चुकीला वावही जास्त. पाळी लवकर सुरू झाली किंवा उशिरा गेली तर धोका थोडा वाढतो, तो याचमुळे.

पाळी गेल्यावर ओव्हरी थकतात आणि इस्ट्रोजेन संपतं, असं सगळे समजतात. संपत नाही. अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडावरच्या छोट्या टोप्या, काही पुरुषी हार्मोन बनवत राहतात आणि शरीरातली चरबी त्यांचं इस्ट्रोजेन करते. हे काम ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम करतं. म्हणून पन्नाशीनंतरच्या बाईच्या अंगावरची चरबी ही एक छोटी ओव्हरीच समजा. पाळी चालू असताना जाडपणाचा या कॅन्सरशी असा संबंध दिसत नाही, उलट तेव्हा धोका जरा कमीच असतो. पाळी गेल्यावर मात्र चित्र पालटतं.

तुमच्या बारा किलोंबद्दल मी एवढं लिहिलं, कारण तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत बदलता येण्यासारखी हीच एक आहे. गोळ्या घेऊन झाल्या, मुलगी तेहतिसाव्या वर्षी झाली ती झाली, अक्का तुमची बहीण आहे ती आहे. वजन मात्र आजही तुमच्या हातात आहे. पन्नाशीनंतर वजन थोडं जरी उतरवलं आणि उतरलेलं टिकवलं तरी धोका कमी होतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय. बाराच्या बारा किलो उतरवायला जाऊ नका, महिनाभरात कंटाळून सोडून द्याल. तीन उतरवा आणि वर्षभर ते परत येऊ देऊ नका. रोज अर्धा तास दम लागेल असं चाला. मद्य घेत असाल तर ते बंद करणं सगळ्यात उत्तम, कारण रोजच्या एका पेल्यानंही हा धोका सात ते दहा टक्क्यांनी चढतो, आणि 'थोडं घेतलं तर चालतं' अशी सुरक्षित पातळी स्तनाच्या कॅन्सरला नाही.

आता अक्का. 'मलाच का?' हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय. त्यात सगळ्यात जास्त दुखावलेल्या असतात त्या अक्कांसारख्या, सगळं नीट केलेल्या. त्यांना वाटतं आपल्याला फसवलं गेलं. पहिल्या कागदावर परत या. प्रत्येक बाळंतपणानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण सात टक्के कमी होतो आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी चार टक्क्यांच्या आसपास. अक्कांची दोन बाळंतपणं आणि पाजलेली दोन वर्षं धरली तर सहाचे पाच गोल होतील. पाच होतील, शून्य होणार नाहीत. चांगल्या सवयींनी गोल पुसट होतात, नाहीसे होत नाहीत, आणि उरलेल्या पाचांत कोण असेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे, की स्तनाचा कॅन्सर झालेल्या निम्म्या स्त्रियांत 'बाई असणं' आणि 'वय वाढणं' यांपलीकडे सांगण्यासारखं एकही कारण सापडत नाही. वय हे सगळ्यात मोठं कारण, आणि त्याचंच नाव कुणी घेत नाही. हार्मोनवर लेखच्या लेख येतात, डिओवर मेसेज फिरतात, पण सदुसष्टाव्या वर्षी धोका सत्तेचाळिसाव्या वर्षापेक्षा जास्त असतो हे साधं वाक्य कानावर पडत नाही.

त्याची फळं मी पाहिली आहेत. बहात्तर वर्षांच्या एक बाई आल्या होत्या, सून सोबत. ब्लाउजचं वरचं बटण काढताना म्हणाल्या, 'दुखत नाही हो, म्हणून राहू दिलं. आता या वयात कसला कॅन्सर!' लिंबाएवढी गाठ होती, वरची कातडी आत ओढली गेलेली. दीड वर्षापासून आंघोळ करताना हाताला लागत होती. 'दुखत नाही' हे त्यांना आश्वासन वाटलं होतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

अक्कांना माझा एक निरोप सांगा. रिपोर्टमधलं 'हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह' वाचून तुम्ही घाबरलात, पण डॉक्टरांच्या दृष्टीनं त्या शब्दांत उपचाराची एक जास्तीची वाट आहे. गाठ इस्ट्रोजेनवर वाढते म्हणजे इस्ट्रोजेन अडवून तिला उपाशी ठेवता येतं. टॅमॉक्सिफेन रिसेप्टरची जागाच अडवतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या चरबीतल्या त्या ॲरोमाटेजला काम करू देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, यांतली एखादी गोळी रोज घ्यावी लागते. वाढत्या वयातले स्तनाचे बहुतेक कॅन्सर याच प्रकारचे असतात. कुणी गोळ्या घेतल्या म्हणून ते असे होतात असं नाही. तुमच्या गोळ्यांत आणि अक्कांच्या रिपोर्टमध्ये 'हार्मोन' हा एक शब्द सारखा आला, आणि तेवढ्यानं तुम्ही दोन्हीची गाठ बांधून टाकलीत.

नातेवाइकांचं थोडक्यात. मार लागल्यानं कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून हात तिथं जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा कळते, एवढंच. ब्रा आणि डिओमुळे कॅन्सर होतो याला पुरावा नाही. पुन्हा कुणी म्हणालं तर वाद घालू नका, फक्त अक्कांच्या समोर ते बोलू देऊ नका. आजारी माणसाला उपचाराची ताकद लागते, तिथं आरोपांना उत्तरं देण्यात ती खर्च व्हायला नको.

तुमचं बहिणीचं नातं आता तुमच्या फाइलमध्ये लिहिलं जाईल. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा आजार झाला की आपला धोका साधारण दुप्पट धरतात. पण बहीण जितकी तरुण असताना आजार झाला तितका आपला धोका जास्त, आणि अक्का सदुसष्ट वर्षांच्या आहेत. स्तनाचा कॅन्सर झालेल्या नऊ जणींपैकी आठ जणींच्या घरात आई-बहीण-मुलगीला तो झालेलाच नसतो. आणि ज्यांच्या घरात एकीला झालाय, त्यांच्यापैकी बहुतेकींना तो कधीच होत नाही. आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बदलामुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहा. अशा जनुकांतली बीआरसीए १ आणि २ ही नावं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. तो बदल असेल तर ऐंशी वर्षांपर्यंतचा धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून शंका असेल तर तपासायलाच हवं. शंका कधी घ्यायची? घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला, कुणाला ओव्हरीचा झाला, एकीलाच दोन्ही बाजूंना झाला किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला तर. एक संध्याकाळ काढून अक्कांसोबत बसा आणि कागदावर नावं मांडा. आईकडची आणि वडिलांकडचीही. वडिलांकडची बाजू विसरतातच, आणि ती तितकीच महत्त्वाची असते, कारण हा बदल पुरुषाकडूनही पुढे येतो. तो कागद अक्कांच्या डॉक्टरांना दाखवा. जनुकांची तपासणी करायचीच ठरली तर ती आधी अक्कांची करतात. तिथं काही निघालं तरच तुमची, आणि मग तुमच्या मुलीची. तोपर्यंत लेकीला एवढंच सांगा की मावशीला कोणत्या वयात काय झालं हे लक्षात ठेव आणि तुझ्या डॉक्टरांना सांग.

क्रीम टाकून दिलंत, त्याची गरज नव्हती. योनीमार्गात लावायच्या त्या क्रीममध्ये इस्ट्रोजेन अगदी थोडं असतं आणि रक्तात जवळजवळ उतरत नाही. ज्यांना हा कॅन्सर झालेला नाही त्यांच्यात त्यानं धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. डॉक्टरांना विचारून परत सुरू करा, लघवीच्या जळजळीलाही आराम पडेल. अक्कांनी मात्र तसलं काहीही त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गरम वाफा पुन्हा आल्या तर तुम्हाला हार्मोनशिवायची औषधं मिळू शकतात. साठीनंतर आणि घरात अक्कांचा आजार असताना मी तुम्हाला परत दोन हार्मोनच्या गोळीवर नेणार नाही. 'नैसर्गिक हार्मोन' म्हणून कुणी काही खास बनवून विकत असेल तर तेही नको. नैसर्गिक म्हटल्यानं इस्ट्रोजेन रिसेप्टरवर बसायचं थांबत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि तिचीच मला काळजी वाटते. एवढी भीती लिहिलीत, पण शेवटची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कधी केली ते लिहिलं नाहीत. बऱ्याचदा ज्यांना सगळ्यात जास्त भीती असते त्याच तपासणी टाळतात. पन्नास ते एकोणसत्तर या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. बहिणीला आजार झाल्यावर तुमच्या डॉक्टरांना अंतर बदलावंसं वाटलं तर ते सांगतील. त्यांना तुमचा धोका आकड्यात काढायला सांगा, त्यासाठी ठरलेली गणितं आहेत. आकडा बराच वर गेला तर धोका कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, टॅमॉक्सिफेन त्यांतलंच एक. त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, म्हणून सरसकट देत नाहीत. रिपोर्टमध्ये स्तनाच्या घनतेचा (चरबीच्या मानानं ग्रंथी आणि तंतू किती, याचा) उल्लेख असतो तोही वाचा. घन स्तनात गाठ मॅमोग्राफीवर लपते आणि घनता स्वतःही धोका वाढवते. घनता जास्त असेल तर सोबत सोनोग्राफी करायची का ते विचारा. मॅमोग्राफीनंतर 'परत या, आणखी एक फोटो काढू' असा फोन आला तर तिथंच खाली बसू नका. परत बोलावलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात नवी गाठ, कातडीला खळगा, बोंड आत वळणं, बोंडातून रक्ताळ पाणी, काखेत गाठ, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि अक्कांना सांगायचं का? सांगा. पण कबुलीजबाब दिल्यासारखं नको. 'अक्का, माझ्यामुळे' असं वाक्य सुरू होणार असेल तर त्या दिवशी गप्प बसा. त्या आजारी आहेत, तुमचं सांत्वन करायचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून म्हणा, 'पाळी गेल्यावर मला फार त्रास झाला होता गं, मी पाच वर्षं गोळ्या घेतल्या, तुला सांगायची हिंमत झाली नाही. आता मीही तपासून घेणार आहे.' बहुतेक त्या आधी रागावतील ते तुम्ही एकट्यानं सोसलंत म्हणून. 'मलाच का' याला तुमच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर खाली बघू नका, त्यांच्याकडे बघून 'माहीत नाही गं' म्हणा आणि हात धरून ठेवा.

मॅमोग्राफीची वेळ याच आठवड्यात घ्या. जाताना कपाटातली ती अर्धी पट्टी पर्समध्ये टाका. तिच्यावर औषधाचं नाव आणि मात्रा छापलेली असते, डॉक्टरांना तीच हवी असते. त्यांनी लिहून घेतलं की ती तिथंच ठेवून या. आणि त्या दिवशी सकाळी काखेत डिओ किंवा पावडर लावू नका, मॅमोग्राफीच्या फोटोत त्याचे पांढरे ठिपके उमटतात.